वाळूत रुतलेल्या नौका

दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ रोजी, दोस्त राष्ट्रांच्या सेना इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. प्रारंभी त्यांच्या हाती एकही मोठे बंदर नव्हते. दारूगोळा, अन्नधान्य, वाहने सारे काही उघड्या पुळणीवर उतरवावे लागे. त्यासाठी सपाट बुडाच्या नौका खास बांधण्यात आल्या होत्या. त्यांचा पुढचा दरवाजा खाली पाडला, की त्याचाच उतार होई.

अशी नौका किनाऱ्यास लावणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी लागे ती परत पाण्यात नेताना. म्हणून मोठ्या नौकांवरील नाविक किनारा काही अंतरावर असतानाच मागील बाजूने नांगर टाकीत. माल उतरला, की त्या नांगराचा पोलादी दोर यंत्राने गुंडाळावयाचा; म्हणजे नौका स्वतःच स्वतःला मागे ओढून घेई. परंतु लाट बाजूने आदळली, तर नौका किनाऱ्याशी आडवी होई व तिच्याभोवती वाळू साचे. मग बुलडोझरने रेटूनच तिला पाण्यात ढकलावे लागे.

१९ जून रोजी ईशान्येकडून वादळ सुटले, ते २२ तारखेपर्यंत घोंघावत राहिले. ओमाहा पुळणीपुढे अमेरिकनांनी उभारलेले कृत्रिम बंदर त्यात मोडून पडले आणि सुमारे ८०० लहानमोठ्या नौका किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्यातच अमावास्या आलेली! कोकणातील दर्यावर्दी ज्यास उधाण म्हणतात, ती मोठी भरती चढत होती. तिने कित्येक नौका नेहमीच्या पाण्याच्या रेषेपलीकडे नेऊन ठेविल्या. पुढे आलेली भांगाची भरती त्यांच्यापर्यंत पोहोचेना. तेव्हा पौर्णिमेनंतरच्या उधाणाची वाट पाहणे भाग होते.

मात्र ते दिवस स्वस्थ बसून घालविण्याचे नव्हते. आत शिरलेल्या सेनेस रोज माल हवाच होता आणि तो वाहून आणण्यास नौका हव्या होत्या. फुटलेल्या नौकांची भगदाडे उधाणापूर्वी बुजविली नाहीत, तर पाणी त्यांना उचलण्याऐवजी त्यांच्यातच शिरणार, हे उघड होते. पंधरवड्याच्या मुदतीत शेकडो नौकांची तात्पुरती डागडुजी करण्यात आली. ८ जुलैच्या उधाणास सुमारे ६०० नौका पुन्हा पाण्यावर तरंगल्या. आणखी सुमारे १०० नौकांना त्यापुढील उधाणापर्यंत, म्हणजे आणखी पंधरा दिवस, थांबावे लागले.