मत्स्यसंवर्धन, उष्ण कटिबंधीय सागरी
किनाऱ्यानजीकच्या समुद्रात तरत्या चौकटीस जाळे टांगून केलेल्या पिंजऱ्यात माशांची बोटुकली सोडून ती विक्रीयोग्य होईपर्यंत वाढविणे, हा सागरी मत्स्यसंवर्धनाचा एक प्रमुख प्रकार होय. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापटनम येथे १५ मी. व्यासाचा पिंजरा उभारून या पद्धतीचा आरंभ केला. जिताडा, कोबिया व पॉम्पॅनो या जाती त्यासाठी वापरतात.

उबदार पाण्यात माशांची वाढ जलद होते. तथापि हीच ऊब अनेक अडचणींचे मूळ आहे. समुद्राच्या पाण्यात १०° से. तापमानास दर लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर ३०° से. तापमानास सु. ६ मिग्रॅ. इतकाच. उलट चयापचय वाढल्याने माशांची ऑक्सिजनाची गरज वाढते. जाळ्यावर शैवले, बार्नेकल व शिंपले झपाट्याने वाढून त्याचे आस (छिद्रे) बुजतात व पाण्याचा प्रवाह रोखला जातो. दाटीमुळे परजीवींचा प्रसारही त्वरेने होतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात उंच लाटांमुळे पिंजरे व नांगर टिकविणे कठीण जाते. नद्यांच्या पुरामुळे खाडीमुखांची लवणता घटते. जिताडा हा बदल सोसू शकतो, कोबिया तितकासा नाही. म्हणून अनेक ठिकाणी पावसाळ्यापूर्वीच मासे काढून घेतात.

बीजाचा प्रश्नही बिकट आहे. कोबियाचे बीजोत्पादन मंडपम येथे २०१० मध्ये साध्य झाले. डिंभांना प्रथम रोटिफर व आर्टेमिया यांसारखे जिवंत खाद्य लागते. जिताड्याची मोठी पिले लहानांस खातात. त्यामुळे आकारानुसार त्यांची वारंवार विभागणी करावी लागते. हे मासे मांसाहारी असल्याने त्यांच्या खाद्यात मत्स्यचूर्ण किंवा स्वस्त मासे वापरतात आणि त्याचा भार पुन्हा समुद्रातील मासळीवरच पडतो.

उरलेले खाद्य व विष्ठा तळाशी साचून कुजतात आणि ऑक्सिजन आणखी घटतो. फिलिपीन्समधील बोलिनाओ येथे फेब्रुवारी २००२ मध्ये सूक्ष्म शैवलांच्या अतिवाढीबरोबर ऑक्सिजन खालावून चॅनॉस मासे मोठ्या प्रमाणावर मेले. तेथे पिंजऱ्यांची संख्या ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेली होती. अशा आपत्तीत एका संवर्धकाच्या हव्यासाची झळ त्याच पाण्यावर जगणाऱ्या इतर संवर्धकांस व मच्छीमारांसही पोहोचते. त्यामुळे पिंजऱ्यांची संख्या बाजारातील मागणीवरून नव्हे, तर त्या उपसागराच्या धारणक्षमतेवरून ठरविणे आवश्यक असते.