गुन्हेगार-सुधारणेचे धुरीण : त्यांचा पूर्वव्यवसाय व त्यांची दृष्टी

सुधारणासंस्थांचा अभ्यास करणारे आपले विद्यार्थी त्या संस्थांचे नियम, दिनक्रम, अंदाजपत्रक आणि सुटून गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा गुन्ह्यात सापडले याचे आकडे बारकाईने पाहतात. संस्था चालविणारा मनुष्य तत्पूर्वी कोणता व्यवसाय करीत होता, ही पृच्छा मात्र क्वचितच होते. वस्तुतः मनुष्य ज्या व्यवसायात घडतो त्या व्यवसायाच्या डोळ्यांनीच तो समोरच्या गुन्हेगाराकडे पाहतो. आणि त्या पाहण्यातून कोणाच्या हाती नांगर दिला जाईल, कोणास औषध व कोणास प्रश्नपत्रिका, हे बहुतांशी ठरून जाते. लैंगिक गुन्हे केलेल्या व्यक्तींवरील उपचारांच्या क्षेत्रात हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नव्हे. तेथे धुरीणाची निवड चुकली तर त्याची किंमत एखाद्या अजाण बालकास मोजावी लागते.

आरंभ आपल्याच शहरापासून करणे युक्त होईल. सोलापूरच्या सेटलमेंटचे नाव ऐकले नाही असा सोलापूरकर विरळा. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये विस्तारला, १९२४ मध्ये पुन्हा बांधला गेला, आणि त्याच्या आधारे येथे तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. मुंबई इलाख्यातील या वसाहतींच्या कारभाराची सूत्रे स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे होती. डॉ. आंबेडकर व ठक्कर बाप्पा ज्या समितीचे सभासद होते आणि जिने १९३० मध्ये अहवाल दिला, तिचे अध्यक्ष ते हेच स्टार्ट. वसाहतीकडे त्यांनी मुलकी अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले. हजेरी, परवाना, गिरणीतले काम आणि मुलांसाठी शाळा हे त्यांचे उपचार. इलाख्यातील काही वसाहती मिशनऱ्यांच्या हाती होत्या. तेथे यात उपदेशाची भर पडे. या गृहस्थांची कळकळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु जन्मावरून गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याच्या मुळाशीच दोष होता, आणि महसुली शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्याला त्या मुळाशी हात घालण्याचे प्रयोजन वाटत नव्हते. ज्यांनी काहीच केले नव्हते अशी माणसे सुधारली जात होती! तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला तेव्हा कुंपण गेले; नाव मात्र अद्यापि लोकांच्या तोंडी आहे.

सांगोला तालुक्याला लागून असलेल्या आटपाडीचा प्रयोग याहून अगदी वेगळ्या हातांनी घडविला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्याच सुमारास तेथे स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या बंदिवानांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, कुटुंबासह संसार करावा, अशी ती योजना. तिच्यामागील दोन प्रमुख व्यक्तींपैकी राजपुत्र आप्पासाहेब पंत हे ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर होते. दुसरे मॉरिस फ्रिडमन, पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर. बंगळूरच्या सरकारी विद्युत् कारखान्याचे व्यवस्थापक होते आणि गांधीजींच्या सहवासात भारतानंद झाले होते. सुधारित चरख्याचे प्रयोग करणाऱ्या या गृहस्थांनी पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली, हे पुष्कळांना ठाऊक असते. तुरुंगखात्याचा अनुभव या दोघांपैकी एकालाही नव्हता. माझ्या मते हीच त्या प्रयोगाची जमेची बाजू ठरली. कैदी पळून जाईल हे तुरुंगाधिकाऱ्याच्या विचारातले पहिले गृहीतक असते. यंत्रज्ञ मात्र एखादी रचना चालते की नाही हे ती चालवूनच पाहतो. शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची व तिची प्रेरणा याच प्रयोगाची. चित्रपटात मात्र नायक जेलर आहे. प्रेक्षकांस इंजिनिअरापेक्षा जेलर अधिक पटतो, त्याला इलाज नाही.

तथापि स्वतंत्रपूरची युक्ती लैंगिक गुन्ह्यांस जशीच्या तशी लागू पडणार नाही. रागाच्या भरात वा बांधाच्या भांडणात खून केलेला शेतकरी आणि विश्वासाचा लाभ घेऊन वारंवार बालकांकडे वळणारा मनुष्य, यांच्या ठायी गुन्ह्याची कारणे एक नव्हेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचाच असतो. म्हणजे श्रम व कुटुंब या ज्या दोन गोष्टींवर आटपाडीची भिस्त, त्यांपैकी कुटुंब हेच येथे कित्येकदा गुन्ह्याचे स्थळ होय.

परदेशांत हे कार्य प्रथम वैद्यांनी हाती घेतले. डेन्मार्कमध्ये १९३५ साली उघडलेल्या हेर्स्टेडवेस्टर येथील संस्थेची धुरा पुढे गेऑर्ग स्टुरुप या मनोविकारतज्ज्ञाने दीर्घकाळ वाहिली. इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये ग्रेंडन तुरुंग सुरू झाला, त्याचेही पहिले प्रमुख विल्यम ग्रे हे मनोविकारतज्ज्ञच. वैद्याच्या दृष्टीने गुन्हेगार हा रुग्ण. त्यामुळे वागणुकीत माणुसकी आली खरी, पण दोष शरीरात शोधण्याची प्रवृत्तीही आली. हेर्स्टेडवेस्टरमध्ये कैद्याच्या संमतीने वृषणच्छेदनाचा उपाय योजला जात असे. दीर्घ कारावासाच्या छायेत दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

पुढे नेतृत्व मानसशास्त्रज्ञांकडे सरकले. कॅनडातील किंग्स्टन येथील विल्यम मार्शल हे त्यांतील ठळक नाव. १९८४ मध्ये अमेरिकेत या उपचारकांची जी संघटना स्थापन झाली तिच्या मूळ नावातच वर्तनोपचाराचा निर्देश होता. गुन्हेगाराने आपल्या विचारांतील पळवाटा ओळखाव्या, प्रसंग टाळण्यास शिकावे, असा हा अध्यापनाचा मार्ग. इंग्लंडच्या तुरुंगांत १९९० नंतरच्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर चाललेला गट-उपचाराचा कार्यक्रम मानसशास्त्रज्ञांनी आखला, पण गट चालविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी अल्प प्रशिक्षण दिलेल्या तुरुंग-कर्मचाऱ्यांवरही सोपविलेले असे. २०१७ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेले २,५६२ पुरुष व न घेतलेले १३,२१९ यांची सरासरी सुमारे आठ वर्षांच्या काळातील तुलना होती. पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १०, तर दुसऱ्यात शेकडा ८ निघाले. कार्यक्रम मागे घ्यावा लागला. यावरून उपचारच व्यर्थ असे अनुमान काढणे घाईचे होईल. अन्यत्र अनुकूल निष्कर्षही मिळालेले आहेत. आराखडा करणारा व तो प्रत्यक्ष राबविणारा यांच्या शिक्षणातील अंतर हे या अपयशाचे एक कारण असावे, असा तर्क मात्र करता येतो.

याच्या उलट, कॅनडातच हॅमिल्टन शहरी १९९४ मध्ये हॅरी नाय या मेनोनाइट पाद्र्याने सुटून आलेल्या एका बालकपीडकाभोवती आपल्या मंडळीतील चार माणसे उभी केली. दररोज भेट, मदत, आणि पाऊल वाकडे पडताच स्पष्ट जाब, एवढीच त्यांची पद्धत. या 'वर्तुळां'चे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले. एका पाद्र्याने ती सुरू केली, आणि तज्ज्ञांनी मागाहून तिला शास्त्राची चौकट दिली.

आपल्या कायद्याने व्यवसायपात्रतेचा विचार केला आहे, पण एकाच बाजूने. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात पीडित बालकाच्या साहाय्यार्थ मानसशास्त्र, समाजकार्य, आरोग्य व बालविकास यांतील जाणकारांचा उल्लेख आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जे मंडळ असावयाचे, त्यात दंडाधिकाऱ्यासमवेत दोन समाजकार्यकर्ते, पैकी एक स्त्री, असले पाहिजेत. त्यांना बालकांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणकार्याचा किमान सात वर्षांचा अनुभव हवा, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांतील पदवी घेऊन ते व्यवसाय करीत असावेत. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असता प्राथमिक मूल्यांकनासाठी मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांची वा मनोसामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेऊ शकते. प्रौढ गुन्हेगारावर उपचार करणाऱ्या केंद्राचा प्रमुख कोण असावा, याविषयी मात्र या कायद्यांत अवाक्षर नाही. मूल्यांकन करणारा कोण हे आपण ठरविले. मूल्यांकनानंतर काम करणारा मोकळाच राहिला.

उद्या सोलापुरात असे केंद्र निघाले तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि विद्यापीठातील समाजशास्त्रे या दोन्हींकडे त्याची नजर वळेल. त्या वेळी धुरीणाच्या प्रमाणपत्रांबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा व समुपदेशकाचा जुना धर्म. परंतु २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाने बालकावरील अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविण्याचे बंधन प्रत्येकावर घातले आहे, व ते मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उपचारासाठी आलेला मनुष्य पहिल्याच बैठकीत आजवर न उघडकीस आलेला गुन्हा बोलून गेला तर काय करावयाचे, याचे उत्तर वैद्य एक देईल, वकील दुसरे, आणि बालकांमध्ये काम केलेला समाजकार्यकर्ता बहुधा तिसरे. रुग्णास हे बंधन बैठकीपूर्वीच सांगितले पाहिजे, आणि ते कोणत्या शब्दांत सांगावयाचे हे केंद्राच्या पहिल्या नियमावलीतच लिहिलेले असले पाहिजे.