चाळींच्या जागी मनोरे

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून फणसवाडीकडे किंवा मुगभाटाकडे वळणाऱ्या गल्लीत आज कोणी शिरला, तर खाली दुकाने, वर बिऱ्हाडे आणि लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या अशी तीन-चार मजल्यांची चाळ, तिचा कलता भार तोलून धरणारे लोखंडी वा लाकडी टेकू, आणि तिच्या पाठीशी अगदी लगटून उभा राहिलेला काचेचा उत्तुंग मनोरा, हे सारे एकाच दृष्टिक्षेपात त्याच्या डोळ्यांत भरते. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार, डोंगरी हा मुंबईचा जुना भाग आज जितक्या वेगाने बदलतो आहे, तितका तो गेल्या शंभर वर्षांत क्वचितच बदलला असेल. आणि तेथे उंच इमारतीच का उभ्या राहतात, मधल्या उंचीच्या का नाहीत, याचे उत्तर विकासकाच्या लोभात किंवा रहिवाशांच्या हौसेत जितके आहे, त्याहून कितीतरी अधिक ते ऐंशी वर्षांच्या कायद्यांत आणि त्यांतून निपजलेल्या एका गणितात आहे.

पाडून बांधणे हे या नगरीला नवे नाही. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत कोटाचे तट पाडले गेले आणि त्या मोकळ्या झालेल्या भूमीवर आज आपण ज्यांचा अभिमान बाळगतो त्या सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या. १८९६ मध्ये प्लेगाची साथ आली, तेव्हा दाट वस्तीत हवा आणि प्रकाश खेळवावा या हेतूने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे प्रशस्त रस्ते त्या ट्रस्टने दाट मोहल्ले चिरून काढले. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु प्रारंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या गरिबांची बिऱ्हाडे उठवली तितक्यांना घरे दिली नाहीत, आणि उठलेली माणसे शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या चाळींत दाटीवाटीने शिरली. सुधारणेचा आराखडा जागेचा हिशेब चोख मांडतो आणि माणसांचा हिशेब पुढे ढकलतो, ही खोड तेव्हापासूनची आहे.

चाळी मोडकळीस का आल्या, हे समजून घ्यायचे तर भाडेनियंत्रणाकडे वळले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, युद्धकालीन तात्पुरता उपाय म्हणून भाड्यांवर मर्यादा आली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे म्हणून कायम केले, आणि अल्पमुदतीचा म्हणून आणलेला हा कायदा मुदतीमागून मुदत वाढवून घेत अर्धशतकाहून अधिक काळ चालला. गिरणीतला, पेढीवरचा, कचेरीतला अल्पवेतनी माणूस या शहरात टिकला तो याच कायद्यामुळे, हे उपकार विसरता येत नाहीत. परंतु दुधापासून विटेपर्यंत साऱ्यांचे दर वाढत असताना भाडे मात्र १९४० मध्ये थिजले, तेव्हा ज्याला दहा-वीस रुपये भाडे मिळते त्या मालकाने छपराची कौले कशी बदलावी, हा प्रश्न कोणी सोडवला नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, आणि भाडेकरूने जागा सोडली नाही. जागा हस्तांतरित झालीच तर ती पागडीने, म्हणजे हातावर रोख रक्कम ठेवून, कागदावर नाममात्र उमटणाऱ्या व्यवहाराने. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवणारी ही कलमे काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे सांगितले, १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊन पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली. पण तोवर तुळया कुजून गेल्या होत्या.

मधल्या काळात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापिले आणि त्याच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर बसवला. उपकरप्राप्त इमारत हा शब्द तेव्हापासून मुंबईकराच्या बोलण्यात आला. त्या वेळी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, विलीन झाले. त्याने पुष्कळ इमारतींना टेकू दिले, तुळया बदलल्या, काही नव्याने बांधल्याही. तथापि इमारत रिकामी करून ज्यांना प्रतीक्षानगर किंवा कन्नमवारनगर येथील संक्रमण शिबिरांत धाडले, त्यांतील अनेक कुटुंबांच्या दोन पिढ्या तेथेच वाढल्या. ‘तात्पुरते’ म्हणून गेलेला भाडेकरू कायमच्या घरासाठी म्हाडाच्या बृहत्‌सूचीत आपले नाव शोधत राहिला.

सरकारच्या तिजोरीतून हे काम होणार नाही, हे ध्यानी आल्यावर विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) हे कलम पुढे आले, आणि उंच मनोऱ्यांचा उगम येथे आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, त्या प्रमाणाला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. १९९९ मध्ये या कलमाला जे रूप मिळाले त्यानुसार, जुन्या भाडेकरूंना विनामूल्य घरे बांधून देणाऱ्या विकासकाला भूखंडाच्या अडीचपट, किंवा भाडेकरूंच्या घरांचे क्षेत्र अधिक त्याच्या निम्म्याइतके विक्रीयोग्य क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळे. पुढे अडीचाचे तीन झाले. समजा, हजार चौरस मीटरच्या भूखंडावर शंभर बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाला चाळीस चौरस मीटरची सदनिका द्यायची आहे. तर पुनर्वसनालाच चार हजार चौरस मीटर लागतात, त्यावर दोन हजार विक्रीचे, म्हणजे भूखंडाच्या सहापट बांधकाम झाले. यात जिने, उद्वाहने आणि खालचे मोटारींचे मजले मिळवा. जेथे बिऱ्हाडे जितकी दाट, तेथे मनोरा तितका उंच, असे हे सूत्र आहे. आणि जुन्या शहराचे सर्वांत दाट मोहल्ले तर अरुंद गल्ल्यांतच आहेत. म्हणजे ज्या रस्त्याला, मलवाहिनीला आणि जलवाहिनीला उंच इमारत सर्वांत कमी पेलते, नेमकी तेथेच ती सर्वांत उंच होते. भाडेकरूंचे घर नवे झाले, पण त्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली नाही. ती आकाशातून, आणि म्हणून शेजाऱ्याच्या उजेडातून व गल्लीच्या श्वासातून वसूल झाली, असे मला मनापासून वाटते.

एकेक इमारत सुटी न घेता सबंध मोहल्ल्याची पुनर्रचना करावी, हा विचार या दोषावर उतारा म्हणून २००९ मध्ये ३३(९) या कलमाच्या रूपाने विस्तारला, आणि त्याचा सर्वांत मोठा प्रयोग भेंडीबाजारात चालू आहे. सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे १६.५ एकरांत पसरलेल्या सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्र आराखडा केला आहे. येथे रस्ते रुंद करता येतात, मोकळी जागा एकत्र करता येते, दुकानदाराला त्याच मोहल्ल्यात दुकान देता येते. नफा हे ज्याचे प्रयोजन नाही असा न्यास पुढे आला, म्हणून हे जमले. इतरत्र असा न्यास कोठून आणावा, हा प्रश्न उरतोच. आणि या उत्तम संकल्पातही विलंबाची किंमत जिवाने मोजावी लागली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. ती इमारत याच योजनेत होती, काही कुटुंबे आधी हलली होती, काही राहिली होती.

म्हणूनच जुन्या इमारती जशाच्या तशा ठेवा, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. त्यांत राहणाऱ्या माणसाला पावसाळ्याच्या प्रत्येक रात्री पोपडा पडण्याचा आवाज ऐकत झोपावे लागते. परंतु पाडणे हा एकच मार्ग आहे, हे विधानही तपासून घेतले पाहिजे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, इंग्लंडात घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभे राहिले आणि ७ जुलै १८९६ रोजी तेथेच ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम भारतात दाखवली गेली. ही वास्तू वारसायादीतही आहे आणि उपकरप्राप्तही आहे. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली, एका तांत्रिक अहवालाने ती पाडावी असे म्हटले, तर वारसावास्तूंच्या जाणकारांनी ती सावरता येईल असे सांगितले. गिरगावच्या सामान्य चाळीसाठी मात्र असा दुसरा अहवाल कोणी मागत नाही, कारण तिच्या दुरुस्तीतून विक्रीयोग्य चौरस फूट निर्माण होत नाहीत.

आणि त्या चाळीतही वारसा आहेच. मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत झाला. चाळीच्या वास्तुरचनेखेरीज तो तसा झाला नसता. चौक मध्ये, चारी बाजूंना गॅलऱ्या, आणि दार उघडले की शेजारी समोर. मनोऱ्याच्या तळाशी मोटारींचे चार-पाच मजले येतात, दुकानांची रांग आत ढकलली जाते, आणि रस्त्याला लागून कोरी भिंत उभी राहते. तेथे किराणा घेता घेता दोन शब्द बोलणे बंद होते.

याहून गंभीर गोष्ट घरखर्चाची आहे. महिन्याला शे-दोनशे रुपये भाडे भरणारा निवृत्त कारकून जेव्हा चोविसाव्या मजल्यावरच्या मालकी हक्काच्या सदनिकेत जातो, तेव्हा उद्वाहन, पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी यांचा मासिक खर्च त्याच्या निवृत्तिवेतनाला झेपत नाही. मग तो सदनिका विकून विरार किंवा बदलापूर गाठतो. दप्तरी तो ‘पुनर्वसित’ असतो.

२०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या सुधारणेने म्हाडा कायद्यात दोन उपयुक्त कलमे आली. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीचा प्रस्ताव मालकाने सहा महिन्यांत दिला पाहिजे, तो न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने मिळतात, आणि तेही निष्फळ झाल्यास काम म्हाडाकडे जाते. शिवाय अर्धवट सोडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याचा अधिकारही म्हाडाला मिळाला. मुदतीचा हा बंधनकारक क्रम योग्य दिशेचा आहे. गिरगावात आज ज्या चाळींतून संमतिपत्रे फिरत आहेत, तेथील रहिवाशांनी चौरस फुटांवर घासाघीस करतानाच तीन गोष्टी करारनाम्यात लिहून घ्याव्यात: बांधकाम पुरे होईपर्यंतचे पर्यायी जागेचे भाडे आगाऊ बँकेत जमा व्हावे, देखभालीसाठी असा निधी ठेवावा की त्याच्या व्याजातून निदान जुन्या भाडेकरूंचा मासिक खर्च निघावा, आणि जुन्या दुकानांना रस्त्यालगतचीच जागा मिळावी. हा खर्च विकासक आनंदाने देणार नाही. तो नकार देईल तेव्हा संमतिपत्रावर सही करू नये, आणि शेजाऱ्यालाही करू देऊ नये.