मासिकांतून आलेला नायक

मागच्या महिन्यांत चिंचवडला एका स्नेह्यांकडे गेलों होतों. त्यांचा धाकटा मुलगा जपानी चलच्चित्र पाहण्यांत गढून गेला होता. स्नेह्यांनीं विचारलें, "असला मुलांचा नायक आपल्याकडे कोणी निर्माण केलाच नाहीं काय?" त्या प्रश्नाचें उत्तर आज देणार आहें.

जपानांत अशा पुष्कळ चित्रपटांचा उगम मासिकांत असतो. १९७८ सालीं निघालेल्या 'ॲनिमेज' मासिकाच्या संपादकवर्गांत तोशिओ सुझुकी होते. हायाओ मियाझाकी यांची 'नाउसिका' ही चित्रकथा १९८२ पासून त्यांत क्रमशः येऊं लागली, आणि दोनच वर्षांनीं तिचा चित्रपट झाला.

आपल्याकडे लेखक आणि संपादक हीं दोन्हीं कामें भास्कर रामचंद्र भागवत यांनीं अंगावर घेतलीं. त्यांचा जन्म १९१० चा. 'बालमित्र' मासिक त्यांनीं १९५१ सालीं काढलें. तें फार वर्षें चाललें नाहीं. मुलांच्या मासिकाची वर्गणी वडील भरतात, पण निकाल मूल देतें; आणि कंटाळलेलें मूल संपादकाची भीड ठेवीत नाहीं. हा धडा भागवतांच्या लेखनांत मुरला असावा. त्यांनीं ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठींत आणल्या. त्यांतील एकीचें नांव 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. 'धूमकेतु' हा शब्द भारदस्त खरा, पण शेंडेनक्षत्र म्हणतांच आजी अंगणांतून बोट दाखवीत आहे असें वाटतें. 'मुक्काम' तर आपण पत्रावरील पत्त्यांत लिहितों! आकाश इतकें जवळ आणणें सोपें नव्हे.

त्यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवनांत शिकणारा, किडकिडीत, सायकलवर स्वार. अंगीं दैवी शक्ति कसली नाहीं. चौकसपणा आणि वेग, एवढेंच भांडवल.

चित्रपटानें मात्र त्याला ताटकळत ठेवलें. १९८७ सालीं दूरदर्शनवर मालिका झाली. चित्रपट आला तो २०१७ सालीं. भागवत २००१ सालींच निवर्तले होते. त्या चित्रपटांत दिलीप प्रभावळकरांनीं प्रत्यक्ष भागवतांचीच भूमिका केली, ही कल्पना मला गोड वाटली. पण त्यांतला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस आलेला तरुण आहे; शाळकरी बनेश भेटावयाचा तर पुस्तकच उघडलें पाहिजे.

त्यांतलें एक पुस्तक मीं स्नेह्यांच्या मुलाला धाडलें. चार दिवसांनीं त्याचा प्रश्न आला: चिंचवडहून फुरसुंगीला सायकलनें किती वेळ लागेल?