लुचेरा : मेहेरबानीवर वसलेले शहर

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत. प्रांताच्या उत्तर भागात गव्हाचे एक विस्तीर्ण मैदान आहे आणि मैदानाच्या कडेला, फोज्जा शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर, एका टेकडीवर लुचेरा हे छोटेसे गाव वसले आहे. रोमनांनी इ.स.पूर्व ३१४ मध्ये येथे वसाहत केली. त्यांचे दगडी प्रेक्षागार आजही उभे आहे. पण या गावाच्या इतिहासात पाऊणशे वर्षांचा एक काळ असा होता, जेव्हा येथे पाच वेळा अजान होत असे.

सिसिली बेटावर नवव्या शतकापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ मुस्लिमांची सत्ता होती. पुढे ख्रिस्ती राजे आले, तरी मुस्लिम प्रजा तेथेच राहिली. अन्याय वाढला तसे डोंगराळ भागात बंड झाले. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ते मोडून काढले आणि १२२० च्या दशकापासून हजारो मुस्लिमांना घरदार सोडायला लावून समुद्रापार लुचेऱ्यात आणून वसवले. हेतू साधा होता : बंडखोर बेटापासून दूर राहावेत आणि कामालाही यावेत.

उखडलेल्या या माणसांनी येथे पुन्हा संसार मांडले. त्यांनी जमीन कसली, शस्त्रे घडवली. येथील तिरंदाज सम्राटाच्या फौजेचा आधार बनले. मशिदी उभ्या राहिल्या, न्यायनिवाड्याला काझी होता. १२६१ मध्ये सुलतान बैबर्सचा दूत म्हणून फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड याच्याकडे आलेले विद्वान इब्न वासिल लिहितात, की या शहरातले सर्व रहिवासी सिसिलीचे मुस्लिम असून जुम्म्याची नमाज उघडपणे होते.

मात्र कायद्याच्या नजरेत हे लोक राजाच्या खजिन्याची मालमत्ता होते. त्यांना मिळालेली मोकळीक हा त्यांचा हक्क नव्हता, ती राजाची मर्जी होती.

१२६६ मध्ये मॅनफ्रेड लढाईत मारला गेला आणि फ्रान्सच्या राजघराण्यातला शार्ल गादीवर आला. लुचेऱ्याने बंड केले, पण वेढ्यातल्या उपासमारीपुढे १२६९ मध्ये हार मानली. कर आणि सैनिक हवे होते, म्हणून शार्लने वस्ती राहू दिली. मात्र शेजारीच सुमारे ९०० मीटर लांबीच्या तटाचा किल्ला बांधून तिच्यावर पहारा बसवला.

ऑगस्ट १३०० मध्ये त्याचा मुलगा शार्ल दुसरा याने ही वस्ती मोडली. कारण धर्माचे दिले गेले, पण राजा कर्जातही बुडालेला होता. हजारो पुरुष, बायका, मुले गुलाम म्हणून विकली गेली. त्यांची गुरे आणि धान्यही विकले गेले. मुख्य मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले, असे मानले जाते. शहराचे नावही बदलून मरियमच्या नावावरून ठेवण्यात आले. ते नाव टिकले नाही, जुने 'लुचेरा'च पुन्हा रुळले.

आज तेथे किल्ल्याचा तट दिसतो, फ्रेडरिकच्या महालाचे अवशेष दिसतात, कॅथेड्रल दिसते. मशीद एकही उरलेली नाही.

लुचेऱ्याचे मुस्लिम कष्टाळू होते, शूर होते, राजाशी इमान राखून होते. तरीही ते वाचले नाहीत, कारण त्यांचे संरक्षण एका माणसाच्या मर्जीवर उभे होते. मर्जी वारसाहक्काने मिळत नाही. एका राजाने दिलेले दुसरा काढून घेऊ शकतो. म्हणूनच कोणत्याही समाजासाठी सत्ताधाऱ्याच्या शंभर उपकारांपेक्षा कायद्याने दिलेला एक हक्क मोलाचा असतो. तो समजून घेणे आणि जपणे, हाच या गावाचा धडा आहे.