अस्थिमज्जा परीक्षा

अस्थिमज्जा परीक्षा : हाडांच्या पोकळीतील रक्तोत्पादक ऊतकाचा नमुना काढून त्याची केलेली तपासणी. श्वेतकोशिकार्बुद म्हणजे ल्युकेमिया व रक्ताचे इतर कर्करोग यांच्या निदानासाठी ती महत्त्वाची आहे. पूर्वी नमुन्यासाठी हाड शस्त्राने उघडावे लागे. आरिनकिन या सोव्हिएट वैद्यांनी १९२०–३० या दशकात उरोस्थीत सुई खुपसून मज्जा ओढून घेण्याची सुलभ पद्धत प्रचारात आणली.

प्रौढांत नमुना आता बहुधा श्रोणीच्या हाडाच्या मागील उंचवट्यातून घेतात. उरोस्थीमागे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तेथे धोका अधिक असतो. त्वचा व पर्यास्थी बधिर केली, तरी मज्जा ओढताना क्षणभर कळ येते. पहिल्या ओढीतील अल्प द्रवच काचपट्टीवर पसरतात. अधिक ओढल्यास त्यात रक्त मिसळून कोशिकांचे प्रमाण फसवे ठरते. मज्जेत तंतू वाढले असल्यास किंवा ती कोशिकांनी ठासून भरली असल्यास काहीच ओढले जात नाही. अशा वेळी जाड सुईने काढलेला हाडाचा बारीक दंडगोल विशेष उपयोगी पडतो. त्यावरून मज्जेची एकूण रचनाही कळते.

अभिरंजित पट्टीवर साधारणतः ५०० कोशिका मोजतात. निरोगी मज्जेत ब्लास्ट या अतिशय अपक्व कोशिका ५ टक्क्यांहून कमी असतात. तीव्र मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदाच्या निदानासाठी २० टक्के ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. मात्र काही ठराविक जननिक बदल आढळल्यास त्याहून कमी प्रमाणातही निदान करता येते.

केवळ रूपावरून निर्णय करणे धोक्याचे असते. ब१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र न्यूनतेत मज्जा अपक्व कोशिकांनी भरलेली दिसते व कर्करोगाचा भास होऊ शकतो. ती स्थिती जीवनसत्त्व दिल्याने बरी होते. म्हणून कोशिकांच्या पृष्ठभागावरील प्रथिने व गुणसूत्रे हीही तपासतात. चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात आढळणारे आखूड गुणसूत्र नॉवेल व हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये वर्णिले. ते ९ व २२ या गुणसूत्रांतील खंडांच्या अदलाबदलीमुळे बनते, असे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या बदलातून निर्माण होणाऱ्या प्रथिनाला रोधणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. अशा रीतीने या परीक्षेवरून रोगाचे नावच नव्हे, तर उपचाराची दिशाही ठरते. उपचारानंतर रोग कितपत उरला आहे, हे पाहण्यासाठी ती पुन्हा करतात.