विश्लेषण : एका बचावपटूसाठी ह्यूस्टनने पुढच्या वर्षीचा हक्क का सोडला?

अमेरिकी फुटबॉलच्या ‘एनएफएल’मध्ये नवे खेळाडू आयपीएलसारखे बोली लावून घेतले जात नाहीत. तिथे पैशांऐवजी क्रमांक महत्त्वाचा. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटी येथील ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने असाच एक क्रमांक मिळवण्यासाठी मोठी किंमत मोजली. तो जुगार होता का?

ड्राफ्ट म्हणजे काय?

महाविद्यालयीन खेळाडूंमधून ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात. आधीच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली संधी मिळते. मात्र हा निवडीचा हक्क संघांना एकमेकांत बदलून घेता येतो. जादा हक्क देऊन वरचा क्रमांक घेणे, यालाच ‘ट्रेड अप’ म्हणतात.

सौदा कसा झाला?

दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडला घेतले. लगेच ॲरिझोना कार्डिनल्सकडून तिसरा क्रमांक मिळवला. त्यासाठी १२वा व ३३वा क्रमांक, शिवाय २०२४ च्या पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्क दिले. बदल्यात तिसऱ्यासोबत १०५वा क्रमांकही आला. निवड झाली अलाबामा विद्यापीठाच्या विल अँडरसनची.

किंमत जास्त होती का?

नव्वदच्या दशकापासून प्रचलित असलेल्या जिमी जॉन्सन तक्त्यानुसार तिसऱ्या क्रमांकाचे २२०० गुण होतात. १२व्याचे १२०० आणि ३३व्याचे ५८० मिळून होतात १७८०. तूट ४२० गुणांची. ती भरण्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली फेरी पणाला लागली. आधीच्या हंगामात ह्यूस्टनने १७ पैकी तीनच सामने जिंकले होते. पुन्हा तशीच वाताहत झाली असती, तर ॲरिझोनाच्या हाती अगदी वरचा क्रमांक आयता पडला असता.

मग धोका का पत्करला?

प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळच न देणे हा बचावाचा पाया. त्याला चेंडूसह पाडले की ‘सॅक’ मिळतो. नुसता धाक बसला, तरी फेक घाईत होते आणि मागच्या बचावपटूंचे काम सोपे होते. कडेने घुसून हे करणारे खेळाडू मोजकेच असतात आणि पहिल्या काही क्रमांकांतच संपतात. नवे प्रशिक्षक डिमेको रायन्स स्वतः बचावपटू होते, तेही अलाबामाचे आणि ह्यूस्टनचेच.

पुढे काय झाले?

अँडरसनने सात सॅक मिळवले आणि तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. स्ट्राउडला आक्रमणातील तोच मान मिळाला. संघाने १० सामने व आपला विभाग जिंकला, प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला ४५-१४ असे हरवले. त्यामुळे ॲरिझोनाला मिळालेला हक्क थेट २७व्या क्रमांकावर घसरला.

म्हणजेच सौद्याची खरी किंमत ड्राफ्टच्या रात्री ठरलीच नव्हती. संघ जिंकत गेला, तशी ती कमी होत गेली.